नखाएवढ्या माशांचा घास

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंवर इतका चिडला, की त्याने त्यांच्याशी धड बोलणेच टाकले. विचारले तेवढ्याचे उत्तर द्यायचा, तेही भिंतीकडे बघून. कारण ऐकाल तर हसाल, कारण भांडण माशांच्या जेवणावरून होते. पण ज्याच्या डोळ्यांदेखत रोज एखादा मासा पोट वर करून तरंगत होता, त्याला त्यात हसण्यासारखे काही दिसत नव्हते.

झाले होते असे. त्या गावचा एक व्यापारी नवस बोलला होता, की धंद्याला बरकत आली तर वर्षभर रोज नदीवर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या घालीन. बरकत आली. मग मात्र घाट दूर वाटू लागला आणि सकाळचे उठणे जिवावर येऊ लागले. त्याने तोड काढली. आश्रमाच्या पडवीत काचेची एक टाकी आणून ठेवली, तिच्यात रंगीबेरंगी चिमुकले मासे सोडले आणि नदीवरचा नवस तो तिथे फेडू लागला. मासे ते शेवटी मासेच, असे त्याचे म्हणणे. नदीतल्या माशाचा जबडा केवढा आणि या नखाएवढ्या जिवांचे मोहरीएवढे तोंड केवढे, एवढा विचार करायला सवड कोणाला होती?

टाकी सांभाळण्याचे काम शिष्याकडे आले. तो कष्टाळू होता आणि त्याची नजर चांगली होती. काही दिवस त्याने नुसते निरीक्षण केले. ज्यांचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते ते मासे पाण्यावर तरंगणारे अन्न टिपतात, मिशांचे मासे तळाशी हुंगत फिरतात आणि मधल्या पाण्यातले मासे घास खाली येता येता झेलतात, हे त्याने पाहून ठेवले. त्याप्रमाणे तो वाळवलेले बारीक किडे बोटांत चुरून घाली, कधी कुंडीतल्या डासांच्या अळ्या, कधी उकडून साल काढलेला वाटाणा कुस्करून. चिमूटभरच, लगेच संपेल एवढे. मासे तरतरीत दिसू लागले.

आणि रोज सकाळी व्यापारी परात घेऊन येई. आवळ्याएवढ्या गोळ्या, त्याही तुपात मळलेल्या. डोळे मिटून, ओठांत पुटपुटत तो एकेक गोळी पाण्यात सोडी आणि परात रिकामी झाली की हात जोडून निघून जाई. एकाही माशाला ती गोळी तोंडात धरता येत नसे. ती तळाशी फुगे, आंबे आणि वर तुपाचा तवंग चढे. शिष्य हात घालून लगदा उपसायचा, पाणी बदलायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि एखादा मासा मेलेला.

"शेठजी, या माशांना कणीक चालत नाही," त्याने एकदा सांगून पाहिले.

"अरे, साजूक तुपातली आहे," व्यापारी हसला. "माझ्या घरी पाहुण्यालासुद्धा अशी मिळत नाही."

शिष्य गुरूंकडे गेला. "आपण सांगा त्यांना. आपलं ऐकतील."

"बघू," गुरू म्हणाले. पुढच्या खेपेलाही "बघू" म्हणाले. तिथे शिष्याचे डोके फिरले. दान देणाऱ्याला दुखवायचे नाही म्हणून मुक्या जिवांचा बळी, असे त्याच्या मनाने घेतले. ठीक आहे, तर मग आपणही बघू. त्याने लगदा उपसणे सोडले, घास चुरणे सोडले. मरू देत चार मासे, म्हणजे गुरुजींचे डोळे उघडतील.

एका सकाळी गुरूंनी त्याला हाक मारली. "उरलेले मासे मागच्या मातीच्या डेऱ्यात स्वच्छ पाण्यात सोड. टाकी तशीच राहू दे."

शिष्याने भांडी आपटत ते काम केले. थोड्या वेळाने व्यापारी आला. डोळे मिटले, पुटपुटला, परात रिकामी केली आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाला, "महाराज, आज किती आवडीनं खाताहेत बघा."

"शेठजी, टाकीत मासेच नाहीत."

व्यापाऱ्याने टाकीकडे पाहिले आणि त्याचा चेहरा तांबडालाल झाला. "म्हणजे माझा आजचा दिवस फुकट गेला? थट्टा चालवलीत माझी?"

गुरूंचा आवाज चढलेला आश्रमात कोणी ऐकला नव्हता. तो त्या दिवशी पडवीभर ऐकू गेला. "तुमचा दिवस! जीव त्यांचे गेले आणि तुम्हाला दिवसाची पडली आहे? घास घालणाऱ्याने आधी समोरच्याचं तोंड बघायचं असतं. तुम्ही इतके दिवस स्वतःच्या नवसाला भरवत होतात, आणि तोही डोळे मिटून."

शिष्याला मनातून फार बरे वाटले. तेवढ्यात गुरू त्याच्याकडे वळले.

"तू खुश होऊ नकोस. मी बघू बघू म्हणत बसलो, त्यात जे मासे गेले त्यांचं पाप माझ्या माथी. पण शेठजींना कळत नव्हतं, तुला सगळं कळत होतं. तोंड केवढं, घास केवढा, सगळं. आणि तू तुझा राग खरा ठरावा म्हणून त्यांना उपाशी ठेवलंस. तू कोणाला भरवत होतास?"

शिष्याचा राग अजून होता, पण तो आता कोणावर धरावा हे त्याला समजेना. तो उठला, चिमूटभर किडे बोटांत बारीक चुरले आणि डेऱ्यापाशी जाऊन पाण्यावर सोडले. एक मासा वर आला. मागून दुसरा आला.

व्यापारी निघून गेला नव्हता. तो पाठीमागे येऊन उभा राहिला होता. "एवढंसंच?" त्याने घुश्शातच विचारले.

"एवढंच," शिष्य म्हणाला. "यांचं पोट यांच्या डोळ्याएवढं असतं."

व्यापारी डेऱ्यावर वाकला. बराच वेळ त्याने ती इवलीशी तोंडे उघडताना आणि मिटताना पाहिली. शिष्याने उरलेला चुरा त्याच्यापुढे धरला. व्यापाऱ्याने हात पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला.

"माझ्या हाताला तूप लागलंय," तो हळूच म्हणाला. "तूच घाल."