आंबेसरचे बिनडोळ्यांचे बैल

आंबेसरला बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या दिवशी गेलात, तर घरोघरच्या ओसरीवर मातीचे बैल वाळत ठेवलेले दिसतील. ते लहान मुलांनी केलेले असतात, त्यामुळे कुणाचे शिंग वाकडे, कुणाचे पाय आखूड, एखादा तर बैलापेक्षा पालीसारखाच दिसणारा. पण एका बाबतीत सगळे सारखे. संध्याकाळपर्यंत कुठल्याच बैलाला डोळे नसतात.

दिवस कलला की शेजारच्या दोन घरांतल्या बाया एका अंगणात समोरासमोर बसतात. हिचे मूल तिच्या मांडीवर, तिचे हिच्या. मग ताटलीतले जोंधळ्याचे चार दाणे प्रत्येक बाई आधी स्वतः चावून खाते, आणि त्याच ताटलीतले दोन दाणे मांडीवरच्या मुलाच्या बैलाला डोळे म्हणून बसवते. पाहुण्यांना हे फार गोड वाटते. ते फोटो काढतात आणि शेजारधर्म कसा असावा तर असा, असे एकमेकांना सांगतात.

तळ्याकाठच्या देवळाच्या कट्ट्यावर बसणारे रावजीतात्या त्यांना फोटो काढू देतात. त्यांनी उभा जन्म पाटकरी म्हणून शेतांना पाणी सोडण्यात घालवला; घाई त्यांना ठाऊक नाही. फोटो काढून झाले की ते म्हणतात, "गोड हाय खरं. पण मांडी कशापायी, ते इचारलं का कुणी?"

मग ते सांगतात ते असे.

फार पूर्वी या गावात हौसा नावाची एक बाई होती. तिची पहिली दोन मुले पाळण्यातच गेली. तिसरा मुलगा झाला तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून तिने त्याचे नाव धोंडू ठेवले आणि त्याला कधी नवे कापड नेसवले नाही. मूल गोरेगोमटे होते, तरी कुणी तसे म्हटले की ती लगेच म्हणे, "कुठलं! काळंबेंद्रं हाय." धोंडूच्या हातावर कुणी खाऊ ठेवला की ती तो हळूच काढून घेई आणि कोंबड्यांपुढे टाकी. कोंबडी मेली नाही, तरी तिचा संशय मरत नसे. दोन मुले कशाने गेली ते तिला कळले नव्हते, म्हणून कशानेही जाऊ शकतात असे तिला वाटे.

अशात शेजारच्या रिकाम्या घरात सारजा राहायला आली. नवरा, ती आणि गोजरा नावाची लहानगी मुलगी. माणसे डोंगराकडची. बोलण्याची ढब वेगळी, लुगड्याची गाठ वेगळी. तेव्हा आंबेसरमध्ये बेंदराचे बैल कुंभाराकडून आणत. सारजाने तळ्यातली काळी माती आणली, तुडवून मऊ केली आणि गोजराला बैल करायला बसवले. आषाढातली झड लागलेली, मुले घरात कोंडलेली. बघता बघता आळीतली सगळी पोरे सारजाच्या ओसरीवर जमली. त्यांत धोंडूही होता.

हौसा भिंतीआडून बघत राहिली. सारजा कुणाच्या बैलाला वशिंड लावून देई, कुणाचे नाक पुसे. धोंडूने चार पाय लावले ते चारी चार दिशांना गेले, तेव्हा ती म्हणाली, "आरं, ह्यो बैल हाय का खाट?" पोरे खिदळली. धोंडूही हसला. लोकांच्या पोरांना एवढा जीव कोण लावतं, असे हौसाच्या मनात आले, आणि लावतं ते कशासाठी, हे त्याच्यामागून आले.

शेवटी सारजाने कमरेच्या पिशवीतून गुंजा काढल्या. तांबड्याभडक, टोकाला काळा ठिपका. धोंडूच्या बैलाला तिने दोन गुंजांचे डोळे बसवले आणि बैल एकदम जिवंत झाल्यासारखा बघू लागला. हौसाला वाटले, तो आपल्याकडेच बघतोय. पण गुंजेने सोनार सोने तोलतो. एवढ्या मोलाच्या वस्तूला नको कसे म्हणायचे? तिने धोंडूला बैल घरी आणू दिला.

बेंदराला बैलाची पूजा झाली. शिंगांत बोटभर कडबोळी अडकवली. पूजा झाल्यावर बैल मुलांच्या हाती देतात, ही इथली रीत. सारजाच्या डोंगरात तसे नव्हते म्हणे. तिथे मातीचा बैल उंच देवळीत ठेवत आणि तिथूनच पाण्यात सोडत. पूजेनंतर मुलाच्या हाती तो येतच नसे. हे ना सारजाला इथले ठाऊक, ना हौसाला तिथले.

दुसऱ्या दिवशी धोंडूला ओकाऱ्या सुरू झाल्या. पोट धरून तो गडबडा लोळू लागला. वैद्य नदीपलीकडे होता आणि नदीला पूर. हौसाचा नवरा तरीही त्याला आणायला गेला. हौसा मुलापाशी बसली होती, तेव्हा तिला कोपऱ्यात पडलेला बैल दिसला. कडबोळी कुरतडलेली होती. आणि बैलाला एकच डोळा होता. दुसऱ्या डोळ्याच्या जागी नुसता खळगा.

तिने बैल उचलला, धावत जाऊन तळ्यात भिरकावला आणि परत येऊन मुलाला पदराखाली घेतले. कुणाला काही बोलली नाही. पण आळीला बोलावे लागत नाही. बायका दारात जमल्या. "दोन गेली, आता तिसऱ्यावर आलं." "मातीत काय कालवलं असंल, देव जाणे." पोराचे काही बरेवाईट झाले तर सारजाचे बिऱ्हाड गावाबाहेर काढायचे, असे पुरुषांचेही ठरले.

तेवढ्यात सारजाच दारात आली.

"हौसाक्का, बैल कुठाय?"

"तुला काय करायचाय?"

"त्याचा एक डोळा निखळलाय का, तेवढं सांग."

हौसाने मान वर केली. डोळ्याची गोष्ट तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हती. "तुला कसं ठावं?"

"गुंज हाय ती, अक्का. फुटली की इख. आमच्याकडं गुरं मरत्यात तिनं. पोरानं चावली असंल."

दारातल्या बायका मागे सरकल्या. हौसा सावकाश उठली. "म्हंजी इख हाय हे तुला ठावं हुतं. आन तरी तू लावलीस."

जे खरे होते तेच सारजा बोलली होती, आणि त्याचाच कबुलीजबाब झाला होता. हौसाने दार लावून घेतले.

थोड्या वेळाने दार वाजले. हौसा ते उघडून उंबऱ्याच्या आत वाट अडवून बसली. सारजाच्या एका हातात वाटी होती. परसातला तांदुळजा वाटून, साखर घालून त्याचा रस काढलेला. डोंगरात गुंजेवर हाच देत, असे सांगतात. दुसऱ्या हाताला गोजरा होती.

"वाटी घ्यायची नाय मी," हौसा म्हणाली.

"वाटी नगं घिऊ. हिला घे."

सारजाने गोजराला उचलून उंबऱ्याच्या आत, हौसाच्या मांडीत ठेवले. "आधी हिला पाज. तुझ्या हातानं. मग तुझं तू बघ. पोराला उतार पडंस्तवर ही तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे."

हौसाने मुलीचे दंड घट्ट धरले. मूल मायेने धरतात तसे नव्हे. गहाण ठेवलेली वस्तू धरतात तसे. तिने वाटी गोजराच्या तोंडाला लावली. पोरीने दोन घोट घेतले, तोंड वेडेवाकडे केले आणि म्हणाली, "मावशी, गूळ दे की."

हौसा तिच्याकडे बघत राहिली. बराच वेळ गेला. पोरगी तशीच टवटवीत, गूळ मागते आहे.

तेव्हा हौसा म्हणाली, "पाज."

पण धोंडूला धरून पाजायला हौसाचे हात मोकळे नव्हते. गोजराला सोडायची तिची छाती होईना. म्हणून सारजा आत आली, तिने धोंडूला आपल्या मांडीवर घेतले आणि थेंब थेंब रस त्याच्या तोंडात सोडला. तशा त्या दोघी बसून राहिल्या, हिचे तिच्या मांडीवर, तिचे हिच्या, एकमेकींच्या हातांवर नजर ठेवून. पूर ओसरून वैद्य आला तेव्हा धोंडूने डोळे उघडले होते. तो रसाने वाचला की गुंज नीट फुटलीच नव्हती म्हणून, ते कोणी सांगावे? वाचला, एवढे खरे. बिऱ्हाड गावातच राहिले.

इथवर आले की पाहुणे म्हणतात, मग दोघी मैत्रिणी झाल्या असतील. तात्या मान हलवतात. "संशय असा जातुय व्हय?"

पुढच्या बेंदराला हौसा आपण होऊन सारजाच्या अंगणात आली म्हणे. धोंडूच्या हातात बिनडोळ्यांचा बैल होता. "डोळं तूच लाव," ती म्हणाली, "पण माझ्या म्होरं. जोंधळ्याचं. आन आधी तू खाऊन दाव. आन तुझी पोर माझ्या मांडीवर."

सारजा म्हणाली, "बरं. मग तुझा माझ्या. आन हिच्या बैलाचं डोळं तू लावायचंस, तूबी खाऊनच."

दर बेंदराला असेच चालले. आळीतल्या इतर बायकांनी ते पाहिले आणि त्याही तसेच करू लागल्या. कुणी भीतीने, कुणी देखादेखी. पुढे गोजरा मोठी झाली, लग्न होऊन सासरी गेली. त्या वर्षी हौसा अंगणात येऊन बसली, तर तिची मांडी रिकामी.

"आता तुझा भरवसा कसा धरू गं, सारजे?"

"नगं धरू," सारजा म्हणाली. "बेंदराला येत मातुर जा."

हौसा येत राहिली. रिकाम्या मांडीवर ताटली ठेवायची, दाणे चावायची आणि आळीतल्या ज्या पोराचा बैल पुढे येईल त्याला डोळे लावायची. तिने सारजावर पुरता भरवसा कधी टाकला, असे गावात कुणी सांगत नाही. पण सारजा आधी गेली आणि त्या बेंदराला हौसाने कुणालाही आपल्या समोर बसू दिले नाही, असे मात्र सांगतात.

तात्या एवढे सांगून थांबतात. तोवर अंगणात ताटल्या आलेल्या असतात.

आजही आंबेसरमध्ये गुंजेचा वेल कुणी लावत नाही. आजही बैलाला डोळे आईच्या हाताने लागत नाहीत. शेजारीण दाणे चावते, आई तिच्या जबड्याकडे बघत असते. आणि पाहुण्यांनी नीट पाहिले तर त्यांना दिसते, की मांडीवरच्या परक्या मुलाला बाई हसत, गोंजारत धरते खरी; पण समोरच्या मांडीवरल्या आपल्या मुलाच्या बैलाला दुसरा डोळा बसेपर्यंत या मुलाच्या दंडावरचा हात सोडत नाही.