कधीच बंद न पडलेलं मशीन

वेबसाइट चालवायला लागणाऱ्या व्हर्च्युअल मशीनची (सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या कॉम्प्युटरची) इमेज, म्हणजे मूळ साचा, आमच्या कंपनीत शाल्मली सांभाळायची. त्यात सतत दुरुस्त्या करायची. मुख्य इंजिनिअर राजाध्यक्ष सर मात्र चारचौघांत हिणवायचे, "साचा कसला घासत बसतेस रोज? माझं मशीन बघ. सगळं हातानं बसवलंय, कित्येक वर्षांत बंद पडलेलं नाही!"

शेवटी मालकांनी आम्हा सगळ्यांना बोलावून दोघांना समोर बसवलं. "ग्राहकांचं काम कुणाच्या मशीनवर ठेवू?"

शाल्मलीनं स्वतःचं मशीन डिलीट केलं. आम्ही खुर्च्यांतून उठलोच. मग तिनं साच्यातून नवं उभं केलं. मालकांचा चहा निवायच्या आत सगळं जसंच्या तसं पडद्यावर हजर! आम्ही बघतच राहिलो.

तिनं कीबोर्ड पुढे सरकवला. "सर, आता तुमचं डिलीट करा."

सरांनी दोन्ही हात खिशात घातले.