हत्तीशेजारची अबोली

रंगीबेरंगी फुलांनी गच्च भरलेली एक बाग होती. तिथल्या इवल्याशा झोपडीत अबोली तिच्या आईबरोबर राहत असे. तिचे डोळे टपोरे, हसू गोड, पण पाय जन्मापासून ताठर. टाचा जमिनीला टेकत नसत, गुडघे एकमेकांवर आपटत. उभी राहिली की धप्पकन खाली बसे. आई फुलं विकी, त्यात हातातोंडाची गाठ कशीबशी पडे.

दर आश्विनात बागेत भोंडला होई. पाटावर हत्ती काढायचा आणि मुलींनी हात धरून, गाणी म्हणत त्याच्याभोवती फेर धरायचा. अबोलीला चालता येत नाही, म्हणून कुंदा आणि बाकीच्या मैत्रिणी तिला मायेने मधोमध, हत्तीशेजारी बसवत. त्यांना वाटे, आपण तिला मान दिला. अबोलीला मात्र फेरात जायचं होतं. पण मैत्रिणी इतक्या चांगल्या, त्यांना दुखवायचं कसं? म्हणून बिचारी गप्प बसे.

रांगत रांगत ती बागेत फिरे आणि वाकलेल्या रोपांना काड्यांचा आधार बांधे. एका सोनेरी सकाळी केशरी डेलियाखाली तिला एक चिमुकली परी दिसली. परीचा एक चंदेरी पंख लुळा पडला होता. अबोलीने झावळीचा नाजूक हीर घेतला आणि मऊ दोऱ्याने पंखाला अलगद बांधला. परी भुर्रकन उडाली, एक गिरकी घेऊन तिच्या गुडघ्यावर येऊन बसली.

"एक इच्छा माग," परी म्हणाली.

"माझे पाय कुंदासारखे कर."

परीचा चेहरा उतरला. "जन्माचं बदलायचं नाही, हा आम्हा पऱ्यांचा नियम आहे गं. तू तरी माझा पंख कुठे बदललास? आधार दिलास. तसाच मी देईन. पण रोज चालायचं तुलाच. नाहीतर चाकं रुसतील."

तिने छडी फिरवली. लखलख चांदणं सांडलं आणि अबोलीच्या पायांत पोटरीपर्यंत पट्ट्यांचे गुलाबी बूट आले. समोर चार चिमण्या चाकांचा, दोन्ही हातांनी धरायचा चालण्याचा गाडा उभा राहिला.

अबोली पडली, रडली, पोटऱ्या ठणकल्या. आई तेल लावून चोळून देई. एकदा कंटाळून ती घरीच बसली, तर दुसऱ्या दिवशी चाकं खरंच रुसली, हलेचनात! त्यांची समजूत घालता घालता पुरेवाट झाली.

भोंडल्याच्या दिवशी अबोली चालत आली. मुली आनंदाने नाचल्या आणि सवयीने तिची जागा हत्तीशेजारी करू लागल्या. अबोली गाडा धरून तिथेच थांबली.

"मला मध्ये नको. मला फेरात घ्या."

इतकी वर्षं हे आपल्याला कळलंच नाही, याचं कुंदाला फार वाईट वाटलं. पण अबोलीचे दोन्ही हात गाड्यावर, मग ते धरायचे कसे? कुंदाने तिच्या हातावर आपला हात ठेवला. दुसऱ्या बाजूच्या मैत्रिणीनेही तसंच केलं. फेर हळूहळू फिरू लागला, अगदी अबोलीच्या पावलांनी.

डेलियावर परी हसत होती. तिच्या पंखाला हीर अजून बांधलेलाच होता. बघता बघता ती झगमगत्या उजेडात विरून गेली.

त्या दिवशी गाणी फार लांबली, खिरापतीला उशीर झाला. आणि पाटावरचा हत्ती पहिल्यांदाच एकटा बसला.