जास्तीचे पाटे

एक वृद्ध मिस्त्री घाटाच्या पायथ्याशी गॅरेज चालवत असे. तोंडदेखले गोड बोलणे त्याला जमत नसे, त्यामुळे गिऱ्हाइके बेताचीच.

त्याच्या शिष्याने प्रथमच एक गाडी लांबच्या प्रवासासाठी एकहाती सज्ज केली होती. ती होती एका व्यापाऱ्याची दणकट फोर-व्हील-ड्राइव्ह जीप. बायकोमुलांना घेऊन तो हिमालयात निघाला होता. पोलादी बंपर, टपावर तंबू, पाण्याची टाकी, डिझेलचे कॅन, फ्रिज. व्यापारी सांगत गेला, शिष्य बसवत गेला. भाराने गाडी मागून बसली, तेव्हा त्याने मागच्या स्प्रिंगांना जास्तीचे पोलादी पाटे चढवून तिला पुन्हा ताठ उभे केले. या युक्तीचा त्याला केवढा अभिमान!

निघायच्या सकाळी मुले गाडीत बसलीसुद्धा. वृद्धाने गाडीभोवती एक फेरी मारली, सगळ्यांना उतरवले, जॅक लावला आणि ते पाटे काढून टाकले. गाडी मागून पुन्हा बसली.

"उस्ताद, चारचौघांत माझी अब्रू घालवलीत!" शिष्य संतापला.

"मिस्त्री, डोकं ठिकाणावर आहे का?" व्यापारी कडाडला.

"आहे, म्हणूनच काढले," वृद्ध म्हणाला. "पाटे वाढवले म्हणून ब्रेकची ताकद वाढत नाही शेठ, की अ‍ॅक्सल जाड होत नाही. हिला किती भार झेपतो ते कागदावर लिहिलंय. टाक्या भरून, तुम्ही चौघं बसून वजन किती होतं, हे कुणी काट्यावर नेऊन पाहिलं? ओझं जास्त झालं की गाडी वाकून सांगते. या पोरानं ओझं उतरवलं नाही, तिचं तोंड दाबलं. ती उतारावर बोलली, तर ऐकायला सवड मिळणार नाही."

"उपदेश पुरे!" व्यापारी शिष्याकडे वळला. "तू चढव रे पाटे. उद्यापासून माझ्या साऱ्या गाड्या तुझ्याकडे."

व्यापाऱ्याची धाकटी आईचे बोट ओढत होती, कधी निघायचे म्हणून. शिष्याला स्वतःचीच विलक्षण लाज वाटली.

"नाही चढवणार," तो म्हणाला. "खुशाल दुसरीकडे जा, माझ्या नावानं गावभर बोंब मारा. माझ्या हातून हे होणार नाही."

व्यापारी तणतणत किल्ली घ्यायला गेला. ती त्याच्या बायकोने आधीच मुठीत धरली होती.

"आधी तंबू खाली येऊ दे," ती म्हणाली. "मग मुलं बसतील."

व्यापाऱ्याने शिडी लावली आणि तो स्वतःच टपावर चढला.