पाटावरची पाहुणी

आज कोणालाच आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, डोंगराच्या कुशीत घोंगड्या विणणाऱ्यांचं एक गाव होतं. त्या गावात तापाला कोणी ताप म्हणत नसे. "घरात पाहुणी आली," असं म्हणत. मग माजघरात रिकामा पाट मांडत, पुढे दहीभाताचं ताट वाढत, आणि सात दिवस घरातलं कोणी उंबरा ओलांडत नसे. पाहुणीला टाकून बाहेर गेलं, तर ती रागावते आणि जाताना माणूस घेऊन जाते, असं म्हातारे सांगत.

माणसं तशीही जात. तेव्हा म्हातारे म्हणत, "पाहुणचारात काहीतरी कमी पडलं असेल."

एकदा एका घरातली पाच वर्षांची मुलगी तापाने फणफणली. तिचा बाप घोंगड्या विकायला दूर गेला होता. आईने रीतीप्रमाणे पाट मांडला. तिसऱ्या सकाळी मुलीची मान ताठ झाली. ती पाणी गिळेना, आईला ओळखेना.

आई सासऱ्यांना म्हणाली, "मामंजी, हिला नदीपलीकडच्या वैद्यबाईंकडे नेते."

"खाली बस, सूनबाई. ताट वाढलेलं आहे."

"तीन दिवस वाढतेय. मुंग्यांशिवाय कोणी शिवलेलं नाही."

"हळू बोल. ऐकेल ती."

दोघांनीही पाटाकडे पाहिलं. पाट रिकामाच होता. तरी आईच्या अंगावर काटा आला.

खिडकीशी शेजारणी जमल्या होत्या. एक म्हणाली, "हिला फार कळतं. आता पाहुणीलाही हीच शिकवणार."

आईने मुलीला उचललं. सासरे दोन्ही हात पसरून दारात उभे राहिले. त्यांची नजर मात्र पाटावर होती.

"पाहुणीला एवढं भिता, मामंजी?"

म्हातारा म्हणाला, "माझा थोरला याच माजघरात गेला. सातही दिवस मी पाट हलवला नाही. आता ही तिकडे जाऊन बरी झाली, तर त्याला कोणी मारलं, सूनबाई?"

मुलीचा श्वास घरघरत होता.

"त्याच्यासाठी नंतर रडू. आता वाट सोडा."

म्हातारा हलला नाही. आई त्याच्या हाताखालून वाकली आणि बाहेर पडली.

नदीपर्यंत तिला वाटत राहिलं, मागून कोणीतरी चालत येतंय. तिने दोनदा वळून पाहिलं. वाट मोकळी होती.

वैद्यबाईंनी थेंबथेंब काढा पाजला. पाचव्या दिवशी मुलीने डोळे उघडले. आईने हाक मारली. मुलीने मान वळवली नाही. आईने पुन्हा हाक मारली.

वैद्यबाई म्हणाल्या, "जीव राहिला, कान गेले. पहिल्याच दिवशी का नाही आणलीस?"

मायलेकी घरी परतल्यावर म्हाताऱ्याने दारातून नातीला नावाने साद घातली. ती त्याच्याकडे न बघता आत गेली.

"रागावली का माझ्यावर?" त्याने विचारलं.

"नाही, मामंजी. तिला ऐकू येत नाही. तीन दिवस वाट पाहिली ना आपण, तुम्ही आणि मीही."

म्हातारा उंबऱ्यावरच बसला.

तात्पर्य: दुखण्याचा मान ठेवल्याने दुखणं जात नाही, आणि मदत मागायला लावलेला उशीर कोणत्याही औषधाने भरून निघत नाही.