खड्डा न कळणारं चाक

भिकोबाच्या लहानपणी गावचा रस्ता झाला, तेव्हा रोलरची धडधड दिवसभर डोंगरात घुमायची. तो आवाज पुन्हा त्याच्या कानी पडला नाही. रस्त्याची चाळण झाली. त्याच रस्त्यावर, दवाखान्याच्या वाटेवर, त्याची बायको गेली.

आज दिवस भरलेल्या लेकीला तो जीपमधून तिथूनच दवाखान्यात नेत होता. खड्ड्यात आदळून टायर पंक्चर झाला. जीप कशीबशी टायरच्या दुकानापर्यंत आणली, तर बांधकाम समितीचे सभापती अण्णासाहेब आधीच खुर्चीत बसलेले. त्यांची नवी उंच गाडी चारी चाकं काढून जॅकवर उभी होती.

"याहून मोठी टायरं दाखव," ते दुकानदाराला म्हणत होते. "आपल्या रस्त्यांवरचा एकही खड्डा मला कळता कामा नये."

"साहेब, पोरगी कळा सोसतेय. आधी आमचं पंक्चर काढू द्या," भिकोबा म्हणाला.

अण्णासाहेब हसले. "म्हातारबा, मला हवं तसं चाक तू दाखव, मग तुझा नंबर आधी."

भिकोबा म्हणाला, "एक चाक बघितलंय मी. त्याला खड्डा कळत नाही, आणि ते पुढे गेलं की मागून येणाऱ्यालाही कळत नाही. रोलरचं, साहेब. तुमच्याच कचेरीमागे गवतात गंजतंय."

जीपमधून लेकीचं कण्हणं ऐकू आलं. दुकानदाराने हातातला टायर खाली ठेवला आणि तो जीपकडे गेला.

अण्णासाहेब उठले. जॅकवरच्या गाडीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि खड्डे चुकवत ते पायीच चालू लागले.