गुणाजीचं राखणदार गवत

एका गावात एक काजूचा बागायतदार राहायचा, गुणाजी राऊळ. गाव कुठलं ते विचारू नका. तुमचंच निघालं तर पंचाईत.

पौष सरला की तिथले लोक बागेतलं वाळलं गवत कापतात. कडेची चार हात जमीन तासून साफ करतात. आग आलीच तर तिथे अडते. त्या पट्ट्याला म्हणतात जाळरेषा. गुणाजी ती काढत नसे. आळशी म्हणाल, तर तसं नव्हे. डोकं जरा जास्त, एवढाच आजार.

"वाळलं गवत पायाखाली वाजतं," तो सांगायचा. "चोर आला की पडवीत झोपल्याजागी कळतं. कुत्र्याला भाकरी तरी घालावी लागते."

बागेच्या वर, चढावर, आनशी तावडे राहायची. एकटी बाई, एक गाभण गाय, पेंढ्याने शाकारलेला गोठा. दुपारचा वारा खालून वर चढतो, हे तिला ठाऊक.

"गुणाजीभावजी, माझ्या बाजूचा पट्टा तरी साफ करा. नाहीतर मी कापते, मजुरी नको."

"म्हणजे चोराला पायवाट करून देता होय वहिनी?"

"माझी गाय आहे हो त्या टोकाला."

"मग तिला सांगा, चोर दिसला की हंबर."

आजूबाजूचे फिदीफिदी हसले. विनोद बरा होता, खोटं का बोला.

फाल्गुनातल्या एका दुपारी गुणाजी पडवीत आडवा झाला होता. खालच्या वाटेवर कोणीतरी जळती विडी टाकून गेलं. बागेत चुरचुर झाली. मग तडतड. गुणाजी डोळे न उघडताच ओरडला, "पळ रे, पळ. कळलंय मला." आणि समाधानाने कुशीवर वळला.

धूर नाकात गेला तेव्हा उठला. तोवर आग चढ चढून गेली होती. आनशी ओढ्यावरून धावत आली, तेव्हा गोठ्याचं छप्पर खाली बसलं होतं. दावं सोडायला घरी कोणी नव्हतं.

गुणाजीची झाडंही गेली. आनशी भावाकडे गेली ती परत आलीच नाही. पाऊस सरला. राखेवर गवत उगवलं, आधीपेक्षा दाट.

पुढच्या पौषात लोक म्हणाले, "गुणाजी, आता तरी काप बाबा."

"कशाला? वर जळायला राहिलंय काय?"

त्यावर लोक घरी गेले. कोयता कोणीच उचलला नाही.

तात्पर्य: जमीन ज्याची, तिच्यावरचं वाळलं गवतही त्याचंच. ते वेळेत कापणं मालकाचं काम आहे, शेजाऱ्यावर उपकार नव्हेत. मान डोलावून झाली असेल, तर उठा आणि आपल्या कुंपणाकडे बघून या.